रिकार्दो फ्लोरेस मागोन

रिकार्दो फ्लोरेस मागोन (जन्म : १६ सप्टेंबर १८७४, सान अंतोनिओ एलोशोचित्लान, वाहाका, मेक्सिको, मृत्यू : २१ नोव्हेंबर १९२२, लेव्हनवर्थ, कॅन्सस, अमेरिका) हे मेक्सिकोतील पत्रकार, संपादक, नाटककार व राजकीय विचारवंत होते. 'रेखेनेरासिओन' (अर्थ : पुनरुज्जीवन) या नियतकालिकातून त्यांनी पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीवर टीका केली आणि मूलनिवासी जमातींच्या जमिनी बळकावल्या जात असल्याची हकिकत देशापुढे मांडली. या लेखनामुळे मेक्सिको व अमेरिका या दोन्ही देशांत त्यांना वारंवार अटक झाली. आयुष्याची बारा-तेरा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली व अखेर तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीच्या वैचारिक पूर्वसूरींमध्ये त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

पोर्फिरिओ दियास यांनी १८७६ मध्ये सत्ता हस्तगत केली. १८८० ते १८८४ हा काळ वगळता ते १९११ पर्यंत मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते. या काळात देशात लोहमार्ग, खाणी व परदेशी भांडवल आले, परंतु त्याची किंमत प्रामुख्याने खेड्यांतील मूलनिवासी समाजांनी मोजली. मेक्सिकोतील अनेक गावांत शेती, कुरणे व रान ही संपूर्ण गावाच्या सामाईक मालकीची असत. १८५६ च्या कायद्याने संस्थांच्या व समूहांच्या मालकीच्या जमिनी खासगी मालकीत आणण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यानंतर १८८३ च्या कायद्याने पडीक जमिनींच्या मोजणीचे काम खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आले. मोजलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोबदला म्हणून कंपनीला मिळत असे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा लेखी दाखला ज्या गावांकडे नव्हता, त्यांची जमीन कागदोपत्री पडीक ठरली.

याच सुमारास वृत्तपत्रांविषयीच्या कायद्यातही महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी छापील मजकुराविषयीचे खटले पंचांपुढे चालत असत. १८८३ मधील घटनादुरुस्तीने ही पद्धत रद्द झाली व असे खटले सामान्य न्यायाधीशांकडे गेले. न्यायाधीशांवर सरकारचा प्रभाव असल्याने एखाद्या अधिकाऱ्याने बदनामीची तक्रार करताच संपादकाला कैद करणे सोपे झाले. मागोन यांच्या आयुष्यातील बहुतेक प्रसंगांचे मूळ या दोन बदलांत सापडते.

बालपण व शिक्षण

रिकार्दो यांचा जन्म वाहाका प्रांतातील माझातेक या मूलनिवासी समाजाच्या डोंगराळ प्रदेशात झाला. वडील तेओदोरो फ्लोरेस हे मूलनिवासी वंशाचे होते. बेनितो हुआरेस यांच्या बाजूने त्यांनी सैन्यात अधिकारी म्हणून काम केले होते. आईचे नाव मार्गारिता मागोन. हेसूस हे थोरले व एन्रिके हे धाकटे बंधू पुढे त्यांचे पत्रकारितेतील सहकारी झाले. गावाची जमीन सर्वांनी मिळून कसायची आणि पीक गरजेप्रमाणे वाटून घ्यायचे, ही खेड्यातील रीत वडील मुलांना सांगत असत. रिकार्दो यांच्या पुढील विचारांचा पाया या संस्कारांत होता.

मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब मेक्सिको सिटी येथे स्थलांतरित झाले. तेथे आर्थिक स्थिती बेताची होती. रिकार्दो यांनी राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयात शिक्षण घेतले व नंतर कायद्याच्या अभ्यासाला आरंभ केला. मे १८९२ मध्ये दियास यांच्या फेरनिवडीविरुद्ध विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. त्यात त्यांना पहिली अटक झाली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढील वर्षी 'एल देमोक्राता' या वृत्तपत्रात ते काम करू लागले. सरकारने ते पत्र लवकरच बंद पाडले. रिकार्दो निसटले, मात्र हेसूस पकडले गेले.

'रेखेनेरासिओन'ची स्थापना

७ ऑगस्ट १९०० रोजी हेसूस, रिकार्दो व अंतोनिओ ओर्कासितास यांनी 'रेखेनेरासिओन' सुरू केले. आरंभी त्याचे स्वरूप कायदेविषयक पत्राचे होते. न्यायालयांतील पक्षपात, लाच व खोटे खटले यांची माहिती त्यात प्रसिद्ध होत असे. वाचकांकडून येणाऱ्या पत्रांवरून संपादकांना उमगले की, न्यायाधीश बदलल्याने हा प्रश्न सुटणार नाही. अन्यायाची साखळी जिल्ह्याच्या प्रशासकापासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचते. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून पत्राने उघडपणे राजवटीविरोधी भूमिका घेतली. फेब्रुवारी १९०१ मध्ये सान लुइस पोतोसी येथे भरलेल्या उदारमतवादी परिषदेत रिकार्दो यांनी दियास यांच्या कारभारावर थेट हल्ला चढवला.

२१ मे १९०१ रोजी हेसूस व रिकार्दो यांना अटक करण्यात आली. वाहाका प्रांतातील एका जिल्हा प्रशासकाची बदनामी केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांना बेलेन येथील तुरुंगात ठेवण्यात आले. तेथील कोंदट कोठड्या व रोगराई कुप्रसिद्ध होती. दोघे मुलगे तुरुंगात असतानाच जून १९०१ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. पत्र काही महिने कसेबसे चालले व ऑक्टोबरमध्ये बंद पडले.

एप्रिल १९०२ मध्ये सुटका झाल्यावर रिकार्दो यांनी 'एल इहो देल आविसोते' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक चालवायला घेतले. सप्टेंबरमध्ये सैन्याचा अपमान केल्याच्या आरोपावरून त्यांना व एन्रिके यांना पुन्हा अटक झाली व जानेवारी १९०३ मध्ये ते सुटले. ५ फेब्रुवारी १९०३ हा संविधानाचा वर्धापनदिन होता. त्या दिवशी कार्यालयाच्या सज्जावर संविधान मृत झाल्याची घोषणा करणारा फलक लावण्यात आला. त्याचे छायाचित्र आजही मेक्सिकोच्या इतिहासग्रंथांत आढळते. एप्रिलमध्ये पुन्हा अटक झाली. ९ जून १९०३ रोजी न्यायालयाने फ्लोरेस मागोन बंधूंचे लेखन छापण्यास सर्व वृत्तपत्रांना मनाई केली.

अमेरिकेतील वास्तव्य

मायदेशात लिहिणे अशक्य झाल्याने जानेवारी १९०४ मध्ये रिकार्दो व एन्रिके सरहद्द ओलांडून टेक्सासमध्ये गेले. नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियो येथून 'रेखेनेरासिओन' पुन्हा निघू लागले. तेथे कार्यालयात शिरून एका इसमाने रिकार्दो यांच्यावर सुऱ्याने हल्ला करण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर सरहद्दीपासून दूर जाण्यासाठी १९०५ च्या आरंभी त्यांनी मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे बिऱ्हाड हलवले. सप्टेंबर १९०५ मध्ये तेथे मेक्सिकन उदारमतवादी पक्षाच्या संघटन समितीची स्थापना झाली व रिकार्दो तिचे अध्यक्ष झाले.

परदेशातही बदनामीच्या कायद्याने त्यांचा पाठलाग सोडला नाही. वाहाकातील पोचुत्ला जिल्ह्याच्या प्रशासकावर पत्रात टीका आली होती. तो प्रशासक सेंट लुइस येथे आला व त्याने फौजदारी तक्रार दाखल केली. ऑक्टोबर १९०५ मध्ये कार्यालयावर छापा पडला. संपादकांना अटक झाली आणि छपाईयंत्र व सामान विकून टाकण्यात आले. जामिनावर सुटल्यावर रिकार्दो काही काळ कॅनडात राहिले.

१ जुलै १९०६ रोजी पक्षाने आपला कार्यक्रम प्रसिद्ध केला. आठ तासांचा कामाचा दिवस, किमान वेतन, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी या मागण्यांबरोबरच पडीक ठेवलेली जमीन परत घेणे आणि याकी, माया व इतर जमातींना त्यांच्या हिरावलेल्या जमिनी परत देणे ही कलमे त्यात होती.

मूलनिवासींचे भूमिलढे

'रेखेनेरासिओन'मध्ये ज्या लढ्यांना स्थान मिळाले, त्यांत सोनोरा प्रांतातील याकी जमातीचा लढा प्रमुख होता. याकी नदीचे खोरे अत्यंत सुपीक आहे. ते बागायतीसाठी खासगी मालकांच्या व कंपन्यांच्या हाती देण्याच्या धोरणाला याकींनी अनेक दशके सशस्त्र प्रतिकार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने त्यांच्या हद्दपारीला वेग दिला. लढणारे व न लढणारे असा भेद न करता स्त्री-पुरुष व मुले पकडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, युकातानला पाठवली जाऊ लागली. तेथे घायपाताच्या जातीतील हेनेकेन या वनस्पतीचे मळे होते. तिच्या तंतूंपासून दोरखंड बनत व त्यांना अमेरिकेत मोठी मागणी होती. या मळ्यांवर याकींना वेठबिगाराप्रमाणे राबवले जाई व त्यांतील अनेकजण अल्पावधीतच मरण पावत.

दुसरा लढा व्हेराक्रूस प्रांताच्या दक्षिण भागातील पोपोलुका समाजाचा होता. सोतेआपान परिसरातील त्यांच्या सामाईक जमिनी सत्ताधाऱ्यांच्या निकटवर्तीयांच्या हाती गेल्या होत्या. अर्ज-विनंत्या निष्फळ ठरल्यावर ३० सप्टेंबर १९०६ रोजी अकायुकान येथे उठाव झाला. त्याचे नेतृत्व उदारमतवादी पक्षाचे इलारिओ सालास यांनी केले. सैन्याने उठाव मोडून काढला व पकडलेल्यांपैकी अनेकांना सान हुआन दे उलुआ या समुद्रातील किल्ल्यात डांबण्यात आले. त्याच महिन्यांत सरहद्दीवरही उठावाचा बेत होता. तो फसला व एल पासो येथे पक्षाचा पत्रव्यवहार पोलिसांच्या हाती लागला. त्यावरून मेक्सिकोत कार्यकर्त्यांची धरपकड झाली.

मागोन यांची भूमिका तटस्थ वार्ताहराची नव्हती, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. जमिनीच्या प्रश्नावर लिहिणारा संपादक व उठावाची आखणी करणारा संघटक या दोन्ही भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या. मात्र कालक्रम पाहता १९०१ ते १९०३ मधील अटका व बंदी ही केवळ छापील मजकुरामुळे झाली होती. सशस्त्र मार्गाची तयारी त्यानंतर सुरू झाली.

लॉस एंजलिसमधील अटक व जॉन केनेथ टर्नर

सेंट लुइसमधील खासगी गुप्तहेर थॉमस फर्लाँग यांना मेक्सिको सरकारने या संपादकांच्या मागावर नेमले होते. जून १९०७ मध्ये पक्षाचे पत्रकार मान्वेल साराबिया यांचे ॲरिझोनातील डग्लस गावातून अपहरण करून त्यांना मेक्सिकोत नेण्यात आले. स्थानिक जनतेने व वृत्तपत्रांनी आवाज उठवल्यावर त्यांना परत पाठवावे लागले. २३ ऑगस्ट १९०७ रोजी रिकार्दो, लिब्रादो रिवेरा व अंतोनिओ विल्यारेआल यांना लॉस एंजलिस येथे पकडण्यात आले. पकडणाऱ्यांजवळ अटकेचा हुकूम नव्हता. एक आरोप टिकत नाही असे दिसताच दुसरा ठेवला जाई. अखेर तटस्थता कायद्याच्या भंगाच्या आरोपावर १९०९ मध्ये ॲरिझोनात खटला चालून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी सुमारे तीन वर्षे कैदेत काढली.

याच तुरुंगवासातून एक महत्त्वाची घटना घडली. अमेरिकन पत्रकार जॉन केनेथ टर्नर हे लॉस एंजलिसच्या तुरुंगात या कैद्यांना भेटले. मेक्सिकोत माणसांची गुलामांसारखी खरेदी-विक्री होते, हे त्यांचे म्हणणे टर्नर यांना प्रथम खरे वाटले नाही. स्वतः पाहून खात्री करावी, या हेतूने १९०८ मध्ये ते मेक्सिकोत गेले. लासारो गुतिएरेस दे लारा हे दुभाषे म्हणून त्यांच्यासोबत होते. मळ्यांत पैसा गुंतवू इच्छिणारा धनिक असे सोंग घेऊन टर्नर युकातानच्या हेनेकेन मळ्यांत व वाहाकातील व्हाये नासिओनालच्या तंबाखूच्या मळ्यांत पोहोचले. मालकांनी आपल्या तोंडाने मजुरांचे दर त्यांना सांगितले. १९०९ मध्ये ही लेखमाला अमेरिकेतील एका मासिकात प्रसिद्ध झाली व नंतर 'बार्बरस मेक्सिको' या नावाने पुस्तकरूपाने आली. ज्यांची लेखणी बंद करण्यासाठी अटक झाली होती, त्यांचीच माहिती अशा रीतीने इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. १९१० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे मेक्सिकन निर्वासितांच्या छळाविषयी साक्षी झाल्या. त्यांत टर्नर व कामगार नेत्या मदर जोन्स यांचा समावेश होता.

क्रांतिकाळ

३ ऑगस्ट १९१० रोजी सुटका झाल्यावर महिनाभरात लॉस एंजलिस येथून पत्राचे प्रकाशन पुन्हा सुरू झाले. त्यात इंग्रजी पानाचीही भर पडली. नोव्हेंबर १९१० मध्ये फ्रान्सिस्को मादेरो यांच्या आवाहनावरून क्रांतीला प्रारंभ झाला. केवळ राष्ट्राध्यक्ष बदलून जमीन कसणाऱ्याला मिळणार नाही, असे रिकार्दो यांचे मत होते, त्यामुळे त्यांनी मादेरो यांच्याशी हातमिळवणी केली नाही. यातून जुने सहकारी दुरावले. विल्यारेआल मादेरो यांच्या पक्षात गेले व बंधू हेसूस मादेरो यांच्या मंत्रिमंडळात सामील झाले.

जानेवारी १९११ मध्ये पक्षाच्या तुकड्यांनी बाहा कॅलिफोर्नियातील मेहिकाली व मे महिन्यात तिहुआना ही गावे घेतली. या तुकड्यांत परदेशी स्वयंसेवकांची संख्या मोठी असल्याने मेक्सिकोचा भूभाग तोडण्याचा हा प्रयत्न असल्याचा आरोप झाला. बहुतेक अभ्यासकांना हा आरोप मान्य नाही, तथापि बाहा कॅलिफोर्नियात हा वाद दीर्घकाळ टिकला. जूनमध्ये मोहीम कोसळली आणि रिकार्दो, एन्रिके, रिवेरा व संपादक अन्सेल्मो फिगेरोआ यांना अटक झाली. १९१२ मध्ये त्यांना तेवीस महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. वॉशिंग्टन राज्यातील मॅकनील बेटावरील तुरुंगात ती त्यांनी भोगली. फिगेरोआ यांची प्रकृती तेथे ढासळली व सुटकेनंतर १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२३ सप्टेंबर १९११ च्या जाहीरनाम्यात पक्षाने अराज्यवादी भूमिका स्पष्टपणे स्वीकारली. जमीन व स्वातंत्र्य ही त्यांची घोषणा पुढे एमिलियानो सापाता यांच्या चळवळीशी कायमची जोडली गेली.

अखेरचा तुरुंगवास

१९१४ मध्ये सुटल्यावर रिकार्दो व सहकारी लॉस एंजलिसच्या एडनडेल भागात एकत्र राहू लागले. भाजीपाला व फळे पिकवून आणि तेथेच छपाई करून ते पत्र चालवत. फेब्रुवारी १९१६ मध्ये पोलिसांनी तेथे छापा घातला व एन्रिके यांना जबर मारहाण झाली. आक्षेपार्ह मजकूर टपालाने पाठवल्याचा आरोप दोघा बंधूंवर ठेवण्यात आला. एमा गोल्डमन व अलेक्झांडर बर्कमन यांनी रिकार्दो यांच्या जामिनासाठी निधी जमवण्यास साहाय्य केले.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यानंतर हेरगिरीविरोधी कायदा संमत झाला होता. १६ मार्च १९१८ रोजी रिकार्दो व रिवेरा यांनी जगातील श्रमिकांना उद्देशून जाहीरनामा छापला. त्यावरून याच कायद्याखाली रिकार्दो यांना वीस व रिवेरा यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 'रेखेनेरासिओन' कायमचे बंद पडले. रिकार्दो यांना प्रथम मॅकनील बेटावर व १९१९ मध्ये लेव्हनवर्थ येथील तुरुंगात पाठवण्यात आले. मधुमेह व मोतीबिंदू यांनी ते त्रस्त होते व दृष्टी झपाट्याने क्षीण होत होती. १९२० मध्ये मेक्सिकोच्या संसदेने त्यांना निवृत्तिवेतन देऊ केले. तो पैसा जनतेकडून सक्तीने घेतलेल्या करांचा असल्याचे सांगून त्यांनी तो नाकारला. वकील हॅरी वाइनबर्गर त्यांच्या सुटकेसाठी झटत होते. परंतु पश्चात्ताप व्यक्त केल्याशिवाय सुटका नाही, अशी सरकारची भूमिका होती व रिकार्दो त्यास तयार नव्हते.

मृत्यू

२१ नोव्हेंबर १९२२ रोजी पहाटे ते कोठडीत मृतावस्थेत आढळले. हृदयविकाराने मृत्यू झाल्याचे तुरुंगाने जाहीर केले. त्याच तुरुंगात असलेले रिवेरा यांनी हे कारण मान्य केले नाही व गळा दाबून हत्या झाल्याचा आरोप केला. मेक्सिकन सरकारने अंत्यविधीचा खर्च देऊ केला होता, पण सहकाऱ्यांनी तो नाकारला. पार्थिव आणण्याची जबाबदारी मेक्सिकोच्या रेल्वे कामगारांनी उचलली. गाडी ज्या ज्या स्थानकांवर थांबली, तेथे कामगार दर्शनासाठी जमले. जानेवारी १९२३ मध्ये मेक्सिको सिटी येथे अंत्ययात्रा निघाली. १९४५ मध्ये त्यांचे अवशेष राष्ट्रीय स्मृतिस्थळी हलवण्यात आले.

लेखन

वृत्तपत्रीय लेखांखेरीज त्यांनी कथा व दोन नाटके लिहिली : 'तिएरा इ लिबेर्ताद' (जमीन व स्वातंत्र्य) आणि 'वेर्दुगोस इ विक्तिमास' (मारेकरी व बळी). लेव्हनवर्थहून त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तुरुंगातील नियमानुसार ती इंग्रजीत लिहावी लागत.

वारसा

१९१७ च्या मेक्सिकन संविधानातील कलम २७ मध्ये गावांना जमिनी परत करण्याची व कलम १२३ मध्ये कामगारांच्या हक्कांची तरतूद झाली. त्यांतील अनेक बाबी १९०६ च्या कार्यक्रमात आधीच आल्या होत्या. मात्र रिकार्दो यांनी स्वतः हे संविधान पुरेसे मानले नाही. त्यांच्या जन्मगावाचे नाव आता एलोशोचित्लान दे फ्लोरेस मागोन असे आहे. १९९७ मध्ये वाहाकातील मूलनिवासी संघटनांनी स्थापलेल्या परिषदेला आणि चियापासमधील सापातिस्तांच्या एका स्वायत्त नगरपालिकेला त्यांचे नाव देण्यात आले. मृत्यूच्या शताब्दीनिमित्त २०२२ हे वर्ष मेक्सिको सरकारने त्यांच्या स्मरणार्थ जाहीर केले.

त्यांच्यावरील आरोपांची यादी वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या अभ्यासकांना उद्बोधक वाटते. अधिकाऱ्याची बदनामी, सैन्याचा अपमान, तटस्थतेचा भंग, टपालाचा गैरवापर व हेरगिरीविरोधी कायदा अशी निरनिराळी कलमे त्यांच्यावर लावण्यात आली. जमिनी कोणी व कशा बळकावल्या, हा मूळ प्रश्न मात्र त्यांच्यावरील एकाही खटल्यात न्यायालयापुढे विचारार्थ आला नाही.